दोन्ही टोकांना प्लग

कोथरूडच्या आमच्या घरात सकाळपासून वीज नव्हती आणि बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर होते. दुपारी इन्व्हर्टर पी-पी करू लागला, म्हणजे बॅटरी संपत आलेली. सिलिंडर आणायला गेलेला भाऊ हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. त्यांच्या इन्व्हर्टरवरून त्यांनी जिन्यातून एक्स्टेंशन बोर्ड ओढत आणला होता. दुसऱ्या हातात एक वायर होती, दोन्ही टोकांना प्लग लावलेली.

"एक टोक माझ्या बोर्डात, एक तुमच्या. मशीन बंद करायलाच नको. दोन्ही इन्व्हर्टर मिळून ओढतील."

"काका, नाही! हात लावू नका."

"अगं, गाडीला दोन बैल जुंपतातच की."

दोन मोठे इन्व्हर्टर एकत्र जोडून चालवायचे, हेच माझं नोकरीतलं काम. दोघांच्या विजेची लय एक झाल्याशिवाय आम्ही वायर जोडत नाही. घरच्या इन्व्हर्टरांना एकमेकांची लय कळतच नाही. एक ढकलेल तेव्हा दुसरा ओढेल, दोन्ही बंद पडतील आणि मशीनला काहीच उरणार नाही. हे मी शांतपणे समजावायला हवं होतं. मी नुसती ओरडले, माझा स्वभावच तसा.

"बरं. आपण मोठ्या इंजिनीअर, आम्ही अडाणी," काका म्हणाले.

आता मार्ग एकच होता. मशीनचा प्लग काढून काकांच्या बोर्डात घालायचा. पण मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, की पुरेसा ऑक्सिजन यायला काही मिनिटं जातात. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"बंद नको करूस गं. काकांचं ऐक ना."

मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्याइतकीच भीतीही वाटली. वायरबद्दल माझी खात्री होती, बाबांच्या श्वासाबद्दल नव्हती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी आईची बोटं सोडवली आणि प्लग काढला.

मशीनची घरघर थांबली. बाबांचा आखूड, ओढून घेतलेला श्वास तेवढा ऐकू येत होता. घाईत पिना भोकात जाईनात. शेवटी मशीन सुरू झालं, तरी त्यांचे ओठ निळसर होत गेले. त्यांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा घसरत होता आणि माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग आकडा थांबला. हळूहळू चढू लागला. बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले, काकांकडे पाहिलं आणि प्रत्येक शब्दाला दम घेत म्हणाले, "अहो... ती वायर... तेवढी... घरी घेऊन जा."

आई हसली. मला मात्र रडू फुटलं.