ऑलवेज घालून दोन वाक्यं

सातवीची परीक्षा वाशिमला होती. ती पास झाली की मास्तरीण होता येतं, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. अन् परीक्षेच्या थोडं आधी मला पाहायला पाहुणे आले. मुलगा अकोल्याला इंग्रजी शिकत होता. आमचं केनवडचं शेतीचं घर, असं स्थळ कोण सोडतं हो?

वेणी घालता घालता वहिनी कानात म्हणाली, "हे पाय बाई, काई इचारलं त मुकी राह्य. नापसंत केली त परीक्षेले त बसशीन."

मीही ठरवलंच होतं. सुईत दोरा ओवायला दिला, तो मुद्दाम चुकवला. चालायला सांगितलं तर पाय ओढत चालले. दाराआड आईचं तोंड उतरलेलं दिसत होतं.

मग मुलाचे मामा, ते कचेरीत कारकून होते, म्हणाले, "इंग्रजी येते म्हनतात तुले? 'ऑलवेज' घालून वाक्य कर बरं."

आता काय सांगू. माझा मोठा भाऊ, दादा, शहरात शिकायला होता; तो सुट्टीत घरी आला की मी तूर निवडता निवडता त्याचे इंग्रजीचे धडे ऐकायची. तो एक शब्द द्यायचा, मी वाक्य करायची, चुकलं की टपली. शब्द कानावर पडला, मी उभी राहिले, हात मागे बांधले अन् तोंडातून निघून गेलं, "आय ऑलवेज गेट अप अर्ली."

"शाब्बास! आनखी एक."

"माय मदर ऑलवेज वर्क्स."

"काय म्हनते हो?" मुलाच्या आईनं मामांना विचारलं.

"रोज लवकर उठते म्हनते. अन् माय सदा कामात राह्यते म्हनते."

"मंग आनखी काय पाह्यजे बापा! आपल्या घरी दोन म्हशी हायेत."

"म्हशीले इंग्रजी समजन का पन?" कोणीतरी म्हणालं. सगळे खूप हसले. आईसुद्धा. सुपारी तिथंच फुटली.

वहिनी आत आली. "कायले बोलली वो?"

मला रडू आलं नाही. पाहुण्यांसाठी केलेला चिवडा उरला होता, तो मी बसून खाल्ला. तिखट होता की गोड, आज विचाराल तर माहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी सासरी होते. अंधारातच उठले, शेण काढलं, चूल पेटवली. एवढ्यात बाई पोरींना घेऊन बैलगाडीत बसल्या असतील, एवढं मनात आलं. त्यापुढं काही आलं नाही.

सासूबाई ओट्यावरून सासऱ्यांना म्हणाल्या, "पाहा, खरंच लवकर उठते पोरगी."

मी चरवी घेतली अन् म्हशीखाली बसले.