कथलाचे छर्रे आणि माझे व्याही

उभ्या पुणे शहरात स्वतःच्या व्याह्याच्या दाढेवर धातूचा कठीणपणा तपासणारा गृहस्थ एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला आलेला आहे. हे माझ्या सुनेचे तीर्थरूप. बिबवेवाडीतील आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहतात. एअरगनमध्ये शिशाऐवजी कथलाचे छर्रे चालतात की नाही, याचा जो प्रयोग त्यांनी गेले वर्षभर राहत्या घरात मांडला, त्याविषयी सोसायटीत अनेक कथा प्रचलित आहेत. त्या सर्व खोट्या आहेत. मी तिथे होतो. सोसायटीचे चिटणीस नव्हते.

चिटणिसांची पहिली कथा अशी की, व्याही गॅलरीतून कबुतरांवर नेम धरतात. या माणसाने आयुष्यात सजीवावर बंदूक रोखलेली नाही. उलट ते रोज सकाळी कबुतरांना ज्वारी घालतात, जे सोसायटीच्या नियमांत बसत नाही. म्हणजे खरा आरोप हाताशी असताना चिटणिसांनी खोटा केला. त्यांच्या एकंदर कारभाराचे मर्म यात आले. दुसरी कथा, व्याही म्हातारपणी देवधर्माला लागले. ही कथा खालच्या मजल्यावरून निघाली, कारण तिथल्या लोकांना दिवसातून साठ-साठ वेळा देवघरातली घंटा ऐकू येई. आता वस्तुस्थिती सांगतो. नेमबाजीला दहा मीटर अंतर लागते. व्याह्यांच्या घरात ते देवघरापासून झोपण्याच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंतच मिळते, तेही मधली दोन्ही दारे उघडी ठेवून आणि कपाट हलवून. कपाट स्वयंपाकघरात गेले. तेव्हापासून विहीणबाईंच्या साड्या फ्रिजशेजारी राहतात आणि साड्यांना फोडणीचा वास येतो. गोळी सुटण्यापूर्वी घरातल्या माणसांनी जागच्या जागी थांबावे म्हणून व्याही घंटा वाजवतात. एक छर्रा, एक घंटा. विहीणबाई हातात कढई घेऊन मुकाट्याने उभ्या राहतात. इतकी शिस्त मी प्रत्यक्ष देवळातही पाहिलेली नाही.

लक्ष्याच्या मागे लोखंडी पेटी, आणि पेटीत जुन्या मासिकांचा गठ्ठा. त्यात माझा एक दीर्घ लेख असलेला अंकही होता, हे मला प्रयोगाच्या तिसऱ्या दिवशी कळले. कोणता छर्रा किती पाने भेदतो, याची नोंद वहीत होत होती. मी निषेध नोंदवला, तेव्हा व्याही चष्म्यावरून पाहत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. शिसं तुमच्या लेखाच्या आत शिरू शकलं नाही. आजवर कुणालाच जमलेलं नाही." मी दोन दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, ते केवळ निकाल पाहण्यासाठी.

दाढेचा प्रसंगही विपर्यस्त सांगितला जातो. मी छर्रा गिळला, असे चिटणीस सांगतात. मी गिळला नाही, चावला. बुधवार पेठेतून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर प्रत्येक छर्रा तोलून व्याही कथलाचे सात प्रकार सात कप्प्यांच्या डब्यात ठेवत, आणि तो डबा पूर्वी बडीशेप-सुपारीचा होता. जेवण झाल्यावर माणसाचा हात कुठे जाणार? दाढेचा तुकडा पडला. व्याही धावत आले, माझा खांदा धरला आणि विचारले, "कोणत्या कप्प्यातला?" मी बोटाने सातवा कप्पा दाखवला. त्यांनी आधी वहीत लिहिले, मग पाणी आणले. नोंद आजही आहे: 'सातवा. शिशाहून बराच कठीण. साक्ष: व्याही.'

हा सगळा निवृत्त माणसाचा रिकामा उद्योग, असे लोक समजतात. कारण फक्त मला ठाऊक आहे. आमची नात, म्हणजे त्यांचीही नातच, बारा वर्षांची असून नेमबाजी शिकते. एका दुपारी ती त्यांच्याकडे सराव करत होती. बंदूक भरताना हात मोकळे राहावेत म्हणून तिने दोन छर्रे ओठांत धरले होते. शिशाचे. व्याही म्हणाले, "तोंडातून काढ ते. विष असतं." ती सहज म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण असंच धरता की."

धरत होतेच. वडिलांनी दिलेली, नळी खाली वाकवून भरायची जुनी बंदूक ते पन्नास वर्षे तशीच भरत आलेले. त्यांनी स्वतःच्या ओठांतला छर्रा काढून तळहातावर घेतला. मी समोर बसलो होतो. नातीला ताकीद देऊन भागण्यासारखे नव्हते. सवय त्यांचीच होती, आणि ती ओठांवर बसली होती. मग शिसेच घरातून घालवायचे ठरले. पण पोरगीही आमच्याच रक्ताची. तिने बजावले, "कथलाने माझे गुण गेले तर मी परत शिसंच घेणार."

म्हणून एवढा खटाटोप. पाच छर्र्यांची भोके आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली तर प्रकार उत्तीर्ण. व्याह्यांच्या गॅसच्या नळकांडीवर चालणाऱ्या पिस्तुलात कथील अडकून बसले आणि ते विहीणबाईंच्या विणकामाच्या सुईने काढावे लागले. वडिलांच्या जुन्या बंदुकीत साती प्रकारांचे पाचही छर्रे पाच दिशांना गेले, वाटणीनंतरचे सख्खे भाऊच जणू. नातीच्या, हवेच्या टाकीवर चालणाऱ्या बंदुकीतही सहा प्रकार नापास झाले. सातव्याची घंटा वाजली तेव्हा विहीणबाई कढईसह दारात येऊन थांबल्या. पाच घंटा झाल्या. व्याही कागद घेऊन आले, त्यावर नाणे ठेवले. एकही भोक बाहेर नव्हते. हा शोध इंटरनेटवरून लागला, असे चिटणीस आता सांगतात. तो माझ्या दाढेने लावला. वही पाहावी.

त्याच संध्याकाळी शिशाचे सगळे डबे घराबाहेर गेले. जुनी बंदूक कथील मानत नाही, म्हणून ती तेल लावून, कापडात गुंडाळून त्याच कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. "एकदा शेवटची चालवायची तरी," मी म्हणालो. "तिच्यासाठी शिशाचा एक डबा ठेवला, की पोरगी दुसरा मागेल," ते म्हणाले आणि कपाट लावले.

आता नात सरावाला उभी राहते तेव्हा व्याही तिच्या शेजारी स्टुलावर बसतात. त्यांच्या उघड्या तळहातावर पाच छर्रे असतात. ती एकेक उचलते. घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते मी त्यांच्याहून चांगले करतो. तिथून मला त्यांचा चेहरा नीट दिसतो. ती छर्रा भरायला बंदूक उघडते, आणि त्यांचे ओठ हलकेच मिटतात, काहीतरी अलगद धरून ठेवल्यासारखे. ओठांत काहीच नसते. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. चिटणिसांना तर नाहीच.