सुलक्षणाताईंची झाकरी

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात सुलक्षणा बापू बोलत नसत, फक्त गात. आवाज असा की हॉलच्या खिडक्यांनी टाळ धरावेत. गाणं संपलं की ओठ बंद आणि मान डोलावणं सुरू. “किती शालीन बाई,” असं मंजिरीताई सगळ्यांना सांगत. मंडळाचे कार्यक्रम त्याच बसवायच्या.

शालीनता कसली, भीती होती ती. सुलक्षणाताई मॉरिशसच्या. पणजोबा रत्नागिरीहून तिथल्या उसाच्या मळ्यात गेले, ते गणपतीची गाणी आणि झाकरी, म्हणजे कोकणातला जाखडी नाच, घेऊनच. मधे ढोलकी, भोवती घुंगरं बांधलेल्या पायांचं रिंगण. शाळेत फ्रेंच, घरात तिथली फ्रेंचवळणाची क्रिओल बोली आणि मराठी फक्त गणपतीपुढे. त्यामुळे ताईंची सगळी मराठी देवाशी बोलायची. पहिल्याच दिवशी त्या मंजिरीताईंना म्हणाल्या होत्या, “माते, चहा देई गे.” मंजिरीताई थट्टा समजून खूप हसल्या, आणि नर्स म्हणून भल्याभल्या डॉक्टरांना दटावलेल्या ताईंनी तोंडाला कुलूप लावलं. ही मराठी नव्हेच, असं कुणी म्हणालं तर? यंदा मंडळाच्या गणपतीत पोरांची झाकरी त्यांच्याकडे होती. ती हातची जायला नको होती.

शेवटच्या तालमीला ढोलकी धावत होती आणि पोरांचे पाय भाजी आणायला निघाल्यासारखे चालले होते.

“अरे, लय वाढवा,” मंजिरीताईंचा घसा बसला. पोरं गोड हसली.

सुलक्षणाताईंना राहवेना. “अले, प्ली वीत! प्ली वीत!”

रिंगण भिंगरीसारखं फिरलं.

“‘चला, फास्टर!’ हे फ्रेंचसारखा आहे ना, स्कूलमध्ये केलाय आम्ही,” रिंगणातली शाल्मली धापा टाकत म्हणाली. “लय मीन्स व्हॉट, आय हॅव नो आयडिया.”

“अगबाई, तुम्ही फ्रेंच?” मंजिरीताईंच्या डोळ्यांत पॅरिस लखलखलं. “मग तशीच अनाउन्समेंट करू. आमच्या फ्रेंच पाहुण्या.”

नुसती मान डोलावली असती तरी मान मिळाला असता, पण पाहुणीचा. सुलक्षणाताईंनी पदर खोचला.

“फ्रेंच शाळेचं. हे क्रिओल, माझ्या आईचं. आणि झाकरी...” शब्द अडला. मग त्यांनी गाण्यातलेच उचलले. “झाकरी माझिया कुळाची. मी पाहुणी नव्हे गे माते.”

या वेळी कुणी हसलं नाही. मंजिरीताई किचनमध्ये गेल्या आणि कप घेऊन आल्या.

“घेई गे माते, चहा,” त्या म्हणाल्या. “आणि स्टेजवरही अश्शाच ओरडा. नाहीतर ही कार्टी हलायची नाहीत.”