मांजरीची गाठ अन् आईचा आवाज

आधीच सांगतो, रुमाल काढू नका. मांजरीला गाठ आली म्हणलं की शेवटी खड्डा, खड्ड्यावर झेंडूची फुलं, असं काहीतरी तुमी धरून बसला असाल. तसलं न्हाई. मांजर जित्ती हाये, आत्ताबी माझ्या चार्जरची वायर चावून राहिली. मेलो असंल तं मीच, तेबी आईच्या बोलण्यानं.

मांजर आईची. सेनगावच्या अलीकडं आमचं घर. आमी कोणी हाक मारली तं मांजर कानबी हलवत न्हाई. आईनं "ये गं माजी बाई, ये" म्हणलं की पत्र्यावरून उडी मारून हजर. एका सकाळी दूध घालताना आईच्या हाताला तिच्या शेपटाच्या बुडाशी गाठ लागली, बोराएवढी. आईचं तोंडच उतरलं.

"दवाखान्यात नेऊ," मी म्हणलं.

"काहून? बैलाच्या खांद्याला सूज आली तवा मी दवाखान्यात पळाले व्हते का?"

बैलाला ती हळद-चुना गरम करून लेप लावती अन् सूज उतरती, हे खरं हाये. हळद तं घरचीच. तोच लेप मांजरीला थापला. पांढरी मांजर मागून पिवळीधम्मक झाली. मी म्हणलं, "हळद तं लागली, आता नवरा पाहा." आई हसली न्हाई. तवा कळलं, हिला खरंच घोर लागलाय.

गाठ काही बसली न्हाई, लिंबाएवढी झाली. मांजर लेप चाटायची अन् लाळ गाळायची. दूध तसंच पडून. दवाखान्याचं नाव काढलं की आई म्हणायची, "उद्या पाहू." डॉक्टर काहीतरी वाईट सांगंल, ह्याला भेली व्हती ती. शेवटी मांजर पत्र्यावर चढून बसली, कोणाला हात लावू देईना.

आता मला नकला करायची खोड. शाळेत मास्तरांची करायचो, त्यापायी मारबी खाल्ला. आई शेतात गेली तसा मी पत्र्याखाली उभा राहिलो, गळा बारीक केला अन् म्हणलं, "ये गं माजी बाई, ये." मांजर आली की. धरली, दुरडीत घातली, वरून फडकं बांधलं अन् जीपमधी बसलो.

गुरांच्या दवाखान्यात पुढं एक मावशी शेळी घेऊन बसलेली. दुरडीतून गुरगुर ऐकून म्हणली, "बाबा, तुजं कोंबडं लईच रागीट हाये."

डॉक्टरनं गाठ चाचपली. "बोक्यानं चावलंय. वरून जखम मिटली, आत पू झाला." पू काढला, धुतलं, सुई दिली. मंग लेप पाहून माझ्यावर घसरले. "बैलाची जीभ जुवाच्या जागी पोचत नाही. मांजर सगळं चाटते. चुन्यानं तोंड आलंय तिचं. गाठ दिसली की दाबायची नाही, फोडायची नाही, काही थापायचं नाही. सगळ्या गाठी पुवाच्या नसतात, कोणती कशाची ते आमाला तपासू द्या. अन् लवकर आणा."

संध्याकाळी मांजरीनं दूध पिलं. आईनं डोळे पुसले, मला दोन भाकरी जास्त वाढल्या. मीबी फुगलो अन् सगळा किस्सा आवाजासगट करून दाखवला.

सकाळी आईनं हाक मारली, "ये गं माजी बाई, ये." मांजरीनं तिच्याकडं पाहिलं अन् बाजेखाली जाऊन बसली. आईनं पुन्हा हाक मारली. मांजर अजून आत सरकली.

आई माझ्याकडं वळली. "माज्या आवाजानं बोलवून सुई टोचवलीस व्हय रे? देवानं तुला सोताचा गळा दिला न्हाई का? तिला आता वाटत असंल, मीच धरून दिलं. मास्तरची नक्कल कर, जीपवाल्याची कर, पुन्हा माज्या आवाजाला हात लावशील तं बाहीर जेवायचं. काय दात काढून राहिला? डॉक्टरनं पुन्हा बोलवलंय ना? मी येते संगं. दुरडी मी धरीन. तू जीपमधी तोंड मिटून बसायचं, अन् माणसासारखं."