खिडकीकडची ओळ

बाईंनी आजवर कुठल्याच शिकाऊ शिक्षकाला चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही नाही. पाठ संपला, मुलं मैदानात पळाली, की त्या एखाद्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवायच्या.

"बस. आता तू या बाकावरचा मुलगा. घरी गेलास. आईनं विचारलं, आज काय शिकलास? सांग."

यंदाची शिकाऊ मुलगी साहित्यात पदवी घेऊन आलेली. मुलं तिला छोट्या बाई म्हणत. पहिल्याच पाठाला तिनं नदीवर असं काही भाषण ठोकलं, की तिचाच ऊर भरून आला. मग ती बाकावर बसली. गुडघे पोटाशी.

"आई," ती म्हणाली, "छोट्या बाई खूप छान बोलल्या. कशाबद्दल, ते नाही कळलं."

बाई खो खो हसल्या. "जमतंय तुला. उद्या बोलणं निम्मं कर."

तिनं केलं. रोज कुणाच्या ना कुणाच्या बाकावर बसली. हळूहळू शिकवताना तिला समोरचे चेहरे दिसू लागले.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "आज पाठ माझा. मागे बसून बघ. उद्या तू मला बसव."

विषय अपूर्णांक. बाईंनी एक कागद दुमडला आणि अख्खा वर्ग मुठीत घेतला. ती थक्क होऊन बघत राहिली. आणि मग तिला ते दिसलं. बाईंच्या डाव्या हाताला, खिडकीकडच्या ओळीतल्या दोन वेण्यांच्या मुलीनं उत्तर दिलं. बरोबर उत्तर. बाई दाराकडच्या मुलांनाच विचारत राहिल्या. मुलीनं पुन्हा सांगितलं. मग ती खाली बसून कागदाची होडी करू लागली. तिच्या मागच्या मुलानं तर हात वर केलाच नाही. ती सगळी ओळच गप्प होती. सवय झाल्यासारखी.

घरी शिकाऊ मुलीनं हे आपल्या आईला सांगितलं.

"तुला पास-नापास कोण करणार?" आईनं विचारलं.

"त्याच."

"मग तोंडाला कुलूप घाल. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आणि त्या मुलीचं काय?"

"तिला तिची आई आहे की!"

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा झाला. तिनं खिडकीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाई मुकाट्यानं जाऊन बसल्या.

"आता तुम्ही दोन वेण्यांची मुलगी. आईनं विचारलं, काल काय झालं?"

"काल ना आई, बाईंनी कागद दुमडला. पाव म्हणजे काय ते कळलं."

"तू उत्तर दिलंस?"

"मी? छे! मी कुठं बोलते?"

"दिलंस. दोनदा. बरोबर होतं."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. पंखा घरघरत राहिला.

"मला ऐकूच आलं नाही गं." त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. "घरी हे माझ्या डाव्या हाताला जेवायला बसतात. मला वाटायचं, म्हातारपणी शहाणे झाले, गप्प असतात."

तिला हसू फुटलं. बाईही हसल्या. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"अशा किती ओळी गेल्या असतील?"

बाई उठल्या.

"टेबलाचं ते टोक धर. आणि ऐक, यापुढे माझे सगळे पाठ तू बघायचे."

दोघींनी टेबल ओढत खिडकीशी नेलं. आता सगळा वर्ग बाईंच्या उजव्या हाताला आला.

"पोरांनो," सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "माझा हा कान कामचुकार आहे. बोलायचं ते ठणकावून."

कागद पुन्हा दुमडला गेला. दोन वेण्यांची उठली आणि अशी ओरडली, की व्हरांड्यात शिपाई थबकला. उत्तर साफ चुकलं होतं.

"चूक!" बाईंचा चेहरा उजळला. "आता सांग बघू, कुठं चुकलीस?"

मुलगी सांगू लागली. तिच्या मागचा मुलगा हात वर करून उभाच राहिला होता.