सारखीच पुडी

कस्तुराबाई मूळच्या निपाणीकडच्या. नवरा गेल्यावरही त्या बंगळुरूच्या के. आर. पुरममध्येच राहिल्या आणि बेळ्ळंदूरच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाकाची कामं करू लागल्या. त्यातलं एक घर पुण्याहून आलेल्या स्मिताचं. ती आयटीत, धाकटा भाऊ निहारही आयटीत. दोघं त्यांना अक्का म्हणत.

कस्तुराबाईंचा मुलगा नागराज उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. सतराव्या मजल्याबाहेर दोरावर लटकलं की खाली बघायचीही भीती वाटायची. सोबत्यांनी चिलीम पुढे केली. भीती गेली, पण गांजा राहिला. एकदा मजुरांच्या शेडची झडती झाली आणि त्याच्या पिशवीत पुडी सापडली. जामीन राहायला कोणी नव्हतं. चार महिने तो आत होता; मग कोर्टानं जातमुचलक्यावर सोडलं, केस मात्र चालूच राहिली. सुटल्यावर एकही मुकादम त्याला कामावर घेईना. यातलं काहीच कस्तुराबाईंनी कामाच्या घरी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत एका पार्टीत निहारला पकडलं. तेवढीच पुडी. वकील धावला, मित्र जामीन राहिला, आणि संध्याकाळी निहार घरी आला.

सकाळी स्मिता ओट्याशी आली. डोळे सुजलेले.

"अक्का, कुठं बोलू नका हं. तो गुन्हेगार नाही हो, आजारी आहे."

आंबील ढवळता ढवळता कस्तुराबाईंचा हात थांबला. "ताई, माझ्या नागूला आजारी कुणीच म्हटलं न्हाई बघा."

आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी मला कामावर ठेवलं असतं?"

स्मितानं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "नसतं ठेवलं बहुतेक."

"सरी, ठीक हाय," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि आंबिलीचा पेला तिच्या हातात दिला. "हे निहारदादांना द्या. पोट थंड राहतं."

निहार दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच दिवशी त्यानं अक्कांकडून नंबर घेऊन नागराजला फोन केला. "मला शनिवारी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जायचंय. एकट्याला जाववत नाही. येतोस?"

दोन शनिवार नागराज गेला नाही. नाव लिहून घेतलं की पोलीस येतील, अशी त्याला धास्ती होती. तिसऱ्या शनिवारी गेला. परत आला तो चेहरा धुऊन आईजवळ बसला.

"आई, पोलिसांनी इचारलं, कुठनं आणलास? कोर्टानं इचारलं, किती होतं? का ओढतोस, हे त्या डाक्टरीणबाईंनीच इचारलं."

उन्हाळ्यात तो एकदा घसरला. शर्टाच्या वासावरनंच कस्तुराबाईंनी ओळखलं. रागावल्या नाहीत. त्याला जेवायला वाढलं आणि शनिवारी बसस्टॉपपर्यंत त्याच्यासोबत चालत गेल्या.

आता तो चिकपेटेच्या बाजारात दुकानांची शटर रंगवतो. स्मिताच्या वकिलानं त्याचीही केस घेतली आहे. निकाल अजून लागायचाय. मागच्या तारखेला स्मिता रजा काढून कोर्टात आली आणि नागराजचं नाव पुकारेपर्यंत कस्तुराबाईंचा हात हातात घेऊन बाकावर बसून राहिली.