दोन धर्मांची तपासणी

देवाने जग निर्माण केलं, हे आमच्या समोरच्या काकांना मान्य आहे. पण तपासणी न करताच ते चालू केलं, असा त्यांचा दाट संशय आहे. जबलपुरात तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून ते रिटायर झाले, आणि नोकरीपायी जे तपासायचं राहून गेलं होतं ते सगळं त्यांनी हाती घेतलं. दूध घेताना ते म्हशीची तब्येत विचारतात. भेडाघाटचा संगमरवरी गणपती कुणी भेट दिला, तर आधी नखाने खरवडतात, मग नमस्कार करतात. बाहेर कुणी नाव विचारलं तर "वर्मा" सांगतात. वास्तविक ते आमच्यासारखेच मराठी. "वर्मा कोणीपण असू शकते," एवढंच त्यांचं म्हणणं.

बेचाळिसाव्या वर्षी, रेल्वेच्या ऑफिसात फायली सांभाळत, मी पत्राद्वारे एम.ए. करायला घेतलं ही चूक मात्र सर्वस्वी माझी. शीख आणि ख्रिस्ती धर्मांतल्या सेवाभावाची तुलना करणारा माझा निबंध दोनदा नापास होऊन परत आला होता. दोन्ही वेळा तो इंटरनेटवरून उतरवला होता; दुसऱ्या वेळी तर मधली पंख्याची जाहिरातही उतरवली होती. तिसरी संधी शेवटची, आणि आता गुरुद्वारा आणि चर्च, दोन्हीकडे प्रत्यक्ष जाऊन आल्याचं तिथलं पत्र जोडायचं होतं.

"घरी बसून धर्म लिहून राहिला होता काय रे?" काका म्हणाले. "चाल, मी येतो. नाव वर्माच सांगजो. आपण काका-पुतणे." मी मान डोलावली. तेवढी एक गोष्ट मला चांगली जमते.

जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या गुरुद्वारात पंगतीला बसण्याआधीच काकांनी तिथली व्यवस्था बघणाऱ्या सरदारजींना गाठलं. "खाने के बाद कोई फॉर्म भरवाते हैं क्या?"

"नहीं जी, मटर छिलवाते हैं," म्हणत त्यांनी जेवणानंतर खरोखरच आमच्यासमोर टोपलं ठेवलं. काका मटार सोलत होते, पण डोळे दारावर. पुढच्या रविवारी सिविल लाइन्सच्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर केक मिळाला. काकांनी तो हुंगला आणि आधी मला खायला लावला. "काहून देऊन राहिले हे?" मी जिवंत राहिलो तेव्हा त्यांनी फादरनाच विचारलं, "हमको अपने में मिलाना तो नहीं है?"

"अभी केक खा लीजिए," फादर म्हणाले, "फिर बेंच उठवाने हैं." ते उचलून माझी कंबर आठवडाभर ख्रिस्ती राहिली.

पत्रं मिळाली. ती कौतुकाने पाकिटात घालून वर स्वतःचं नाव लिहिताना माझा हात थांबला. दोन्ही पत्रांनुसार तिथे गेला होता तो कुणी श्री. वर्मा. मुदत संपायला तीन दिवस होते. मी तसाच समोरच्या घरी धावलो. मला वाटलं, काका एखादी युक्ती काढतील. त्यांनी शर्ट चढवला. "खोटं मी बोलायला लावलं. सांगीनही मीच."

सरदारजींनी जुनं पत्र फाडून नवं लिहिलं. "नाम जो भी हो, मटर तो आप ही ने छीले थे." फादरनी तर नव्या पत्राबरोबर पुन्हा केक दिला. या वेळी काकांनी तो हुंगला नाही.

परतताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी केकचा शेवटचा तुकडा संपवला. मग म्हणाले, "तुलना लिहून राहिला ना, तर हे लिहिजो. दोन्हीकडे पहिले खायला दिलं, नाव मागून विचारलं. तेही तुझ्या पत्रापायी. सत्तर वर्षांत माझ्यासोबत हे असं उलटं कधी झालं नव्हतं. आपल्या लोकांत आडनाव कळल्याशिवाय कोणी चहाचं विचारत नाही."

ते मी लिहिलं, आणि निबंध काठावर पास झाला. पण तेव्हा मी नुसती स्कूटर चालवत राहिलो. काका समोर राहायला आले त्या दिवशी, चहाचं विचारण्याआधी, फाटकातूनच मी त्यांना काय विचारलं होतं, ते मला स्पष्ट आठवत होतं. त्यांनाही आठवत असावं.